धवलारणीचा आवाज जागेवर आणताना

स्क्रीन लाल झाली की मी अजूनही दचकते. पंधरा वर्षं व्हिडिओ एडिटिंग करते आहे, पण ते काही गेलं नाही.

हे काम मी छत्तिसाव्या वर्षी शिकले. माझी मुलगी पूर्ण वेळ शाळेत जायला लागली आणि मी ठाण्याला तलावाजवळच्या एका स्टुडिओत जायला लागले. तिथे लग्नांच्या फिती कापता कापता हात बसला. आता डोंबिवली पूर्वेला आमच्या घरातल्या आतल्या खोलीत माझं टेबल आहे, दोन स्क्रीन आहेत आणि भिंतीला टेकून हार्ड डिस्कचं कपाट आहे. घोडबंदर रोडवरच्या कंपन्यांच्या ट्रेनिंगच्या फिल्म, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नं, बारशी, सगळं करते. मानेच्या दुखण्यामुळे संध्याकाळी सातला मशीन बंद म्हणजे बंद. नवरा ऑफिसला गेला की घरात मी आणि बाबा. बाबा म्हणजे माझे सासरे. ठाण्याच्या कोर्टात रेकॉर्ड विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. माझ्या कामाविषयी त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही, पण चांगलाही नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "सूनबाई घरीच असते. लग्नाच्या कॅसेटी वगैरे करते." कॅसेटी जाऊन किती वर्षं झाली हे सांगायचं मी सोडून दिलेलं.

तर, एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास एक मुलगी हार्ड डिस्क घेऊन आली. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या बाजूला जुनं आगरी गाव आहे, तिथली ही. ठाण्याला कॉलेजात शिकते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी मिळून तिच्या आजीवर एक फिल्म करायला घेतली होती.

तिची आजी धवलारीण. आगरी लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. देवांना, झाडांना, गावाच्या वेशीला, सगळ्यांना ती गाण्यातून लग्नाला बोलावते. हे कुठे लिहिलेलं नसतं. आजींना त्यांच्या आत्याने शिकवलेलं, तोंडी. गावात आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, लग्नं हॉलमध्ये होतात, पण आजींना अजून बोलावणं यायचं.

आजींचं मला भारी अप्रूप होतं. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यांच्या पिशव्या बघून त्या म्हणाल्या होत्या, "लगीन नाय तं धवला कशाचा गो?" लग्न नसताना गाणं म्हणायला त्या तयारच नव्हत्या. शेवटी नातीने ओट्यावर पाट मांडला, कलश ठेवला, दिवा लावला. मग आजींनी डोक्यावरून पदर घेतला आणि कोणी काही म्हणायच्या आत गायला सुरुवात केली. कॅमेरे अजून पिशवीतच होते. मुलीने घाईघाईने हातातला फोन सुरू केला. आजींचा सगळ्यात लांब धवला, सलग सात मिनिटांचा, असा फक्त फोनवर आला.

दोन लग्नं आणि दोन बैठका, एवढं चित्रण झालं. मी जोडजाड करून अडतीस मिनिटांची फिल्म जवळजवळ संपवत आणलेली. मग तिच्या परीक्षा आल्या, माझा लग्नाचा सीझन आला. आम्ही एकमेकींना "करू गं, पुढच्या महिन्यात करू" म्हणत राहिलो. त्या मधल्या काळात आजींच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. आजी वाचल्या, आवाज गेला.

हे मला फोनवर कळलेलं. त्या गुरुवारी मुलगी समोर बसून म्हणाली, "ताई, रविवारी पाच वाजता समाजमंदिरात आजीचा सत्कार आहे. गावातल्या बायका करतायत. आपली फिल्म दाखवायचीय. होईल ना?"

"तयारच आहे जवळजवळ," मी म्हटलं. "अर्ध्या दिवसाचं काम."

प्रोजेक्ट माझ्याकडे होतं, चित्रण तिच्या डिस्कवर. मी डिस्क जोडली, प्रोजेक्ट उघडलं, आणि दोन्ही स्क्रीन लाल झाल्या. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, मीडिया ऑफलाइन. अडतीस मिनिटांत एक फ्रेम दिसत नव्हती.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना एवढं सांगायला हवं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रण साठवलेलं नसतं. त्यात फक्त पत्ता असतो. अमुक डिस्क, अमुक फोल्डर, अमुक नावाची फाईल, तिच्यातला या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंतचा तुकडा इथे दाखव. पत्त्यावर फाईल सापडली नाही की ते बिचारं लाल होऊन बसतं.

"डिस्कवर काही केलंयस का?" मी विचारलं.

मुलगी खूश होऊन म्हणाली, "हो ना ताई! मी क्लीन केली सगळी. आधी काय कचरा होता. सी झीरो झीरो वन, सी झीरो झीरो टू, काही कळायचं नाही. मी गाण्यांप्रमाणे नावं दिली. हळद एक, हळद दोन, मांडव तीन. अर्ध्याच्या वर झालंय. आणि काही शॉट डबल होते, त्यातल्या मोठ्यावाल्या फायली डिलीट मारल्या. खूप जागा खाल्लेली त्यांनी."

मी डिस्कवरचे फोल्डर एकेक उघडून बघत गेले. माझ्या चेहऱ्यावर मात्र सगळं उमटलं असणार, कारण तिचं हसू हळूहळू मावळलं.

"ताई, मी काही चुकीचं केलं का?"

त्या मोठ्या फायली मी बनवलेल्या होत्या. फोनवरचं चित्रण सॉफ्टवेअरला नीट झेपत नाही, म्हणून ते आधी दुसऱ्या, जास्त जागा खाणाऱ्या पण सरळ चालणाऱ्या प्रकारात बदलून घ्यावं लागतं. आम्ही त्याला ट्रान्सकोड म्हणतो. आजींचा तो सात मिनिटांचा धवला मी तसाच बदलून फिल्ममध्ये लावलेला. तो गेला होता.

"फोनमधून काढलेल्या मूळ फायली आहेत ना?"

"आहेत. लहानवाल्या ठेवल्यात."

"मग रडायचं काही नाही," मी म्हटलं. ती रडतच होती. "घरी जा. मला काम करू दे. शनिवारी दुपारी ये."

ती गेल्यावर मी आधी प्रोजेक्टची एक प्रत काढून बाजूला ठेवली. ही सवय मला स्टुडिओतल्या पहिल्या वर्षात लागली, एका लग्नाचा सत्यानाश केल्यानंतर. मग प्रतीवर प्रयोग सुरू केला. सॉफ्टवेअरला डिस्क दाखवून सांगितलं, शोध. त्याने शोधलं आणि नाव न बदललेल्या फायली पटापट जोडल्या. मला क्षणभर बरं वाटलं. फिल्म चालू केली तर हळदीच्या ठिकाणी ढोलकीवाला पान खाताना दिसत होता आणि मांडवाच्या जागी कोणीतरी तांदूळ धूत होतं. दोन कॅमेरे होते, दोघांच्या कार्डांवर फायलींची नावं एकसारखी. एकाची नावं मुलीने बदललेली, दुसऱ्याची तशीच राहिलेली. सॉफ्टवेअरने नाव जुळलं म्हणून दुसऱ्याचीच माणसं पहिल्याच्या घरात बसवली. सेव्ह न करता मी ते बंद केलं.

बाबा चहा घेऊन आले. अकरा-साडेअकराचा चहा ते स्वतः करतात. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं गं?"

मी सहज सांगायला लागले, त्यांना कळेल असं वाटून नव्हे. नावं बदलली आहेत, कॅमेऱ्यांच्या दोनशे बारा क्लिप आहेत, कोणती कुठली हे ओळखायचंय.

बाबांनी कप खाली ठेवला. "आत काही शिक्का असतो का? तारीख? पानं किती?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे जुन्या कागदांच्या बस्त्यावरची चिठ्ठी गळून पडायची. उंदीर खायचे, ओल लागायची. मग नावावरून कसं शोधणार? आतला दाखल झाल्याचा शिक्का बघायचा आणि पानं मोजायची. शिक्का आणि पानं जुळली की कागद तोच."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कारण मी तेच करणार होते, फक्त त्यांनी ते माझ्या आधी बोलून दाखवलं. कॅमेऱ्याच्या प्रत्येक क्लिपच्या पोटात एक वेळ कोरलेली असते, टाइमकोड. बरेच जण तो शून्यापासून सुरू करतात. मी दोन वर्षांपूर्वी त्या मुलीला बजावलेलं की दोन्ही कॅमेऱ्यांचा टाइमकोड दिवसाच्या घड्याळाप्रमाणे लाव. तेव्हा तिला ते फालतू वाटलेलं. पण आता प्रत्येक क्लिप कितीही नाव बदललं तरी आतून सांगत होती, मी दहा वाजून बेचाळीस मिनिटं सोळा सेकंदांनी सुरू झाले आणि माझी लांबी अमुक. लाल झालेलं प्रोजेक्टही ही वेळ आणि लांबी विसरलेलं नव्हतं. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मनातल्या मनात का असेना, थोपटली.

सॉफ्टवेअरला नाव सोडून वेळेवरून जोडायला सांगून बघितलं. काही जुळल्या, पण चित्रण चार वेगवेगळ्या दिवसांचं, त्यामुळे एकच वेळ दोन दिवसांत आली की ते गोंधळायचं. तेव्हा मी सरळ ठरवलं की फायलींना त्यांची जुनी नावं परत द्यायची, जुन्या फोल्डरांत परत ठेवायच्या. सगळं होतं तसं झालं की बाकीचं सॉफ्टवेअर बघेल.

"बाबा, तुम्हाला वेळ आहे का?" मी विचारलं.

निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारायचा असतो असं मला आधी सुचलं नव्हतं. ते आत जाऊन एक जाड वही, पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन आले. मी म्हटलं, मी हे कॉम्प्युटरवरच लिहिते. ते म्हणाले, "तू वाच. मी लिहितो. डोळ्यांना दोन कामं एकदम द्यायची नाहीत."

दुपारभर मी वाचत होते आणि ते लिहीत होते. निळ्या पेनने प्रोजेक्टमधली नावं, वेळ, लांबी. मग लाल पेनने डिस्कवरची नवी नावं, वेळ, लांबी. त्यांचं अक्षर अजून छापल्यासारखं आहे. सातला मी मशीन बंद केलं तेव्हा दोन्ही याद्या पूर्ण झालेल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी मी लवकर बसून आधी फोनच्या फायली बदलायला लावल्या. एकतीस होत्या. ते काम कॉम्प्युटर आपलं आपण करतं, फक्त वेळ लागतो. साडेनऊला वीज गेली. शुक्रवार, दुरुस्तीचा दिवस, माझ्या डोक्यातच राहिलं नव्हतं. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला, तेवढ्यात मी सगळं बंद केलं. वीज तीनला येणार होती.

मी पलंगावर बसून राहिले. सत्काराला अडीच दिवस उरलेले आणि कॉम्प्युटर बंद. बाबांनी खिडकीजवळ खुर्ची ओढली, वही मांडीवर घेतली आणि म्हणाले, "चल, जुळवून घेऊ. याला वीज कशाला लागते?"

खरंच लागत नव्हती. आम्ही कणिक मळायच्या परातीएवढ्या उजेडात बसून एक एक ओळ जुळवली. मी निळी ओळ वाचायची, त्यांनी लाल यादीत बोट फिरवायचं. "दहा बेचाळीस सोळा, लांबी एक मिनिट नऊ." "सापडली. हळद चार." जुळली की दोन्ही ओळींवर बरोबरची खूण. एका ठिकाणी दोन क्लिपची सुरुवातीची वेळ तंतोतंत तीच निघाली, दोन वेगळ्या लग्नांतली. बाबा लांबी बघून म्हणाले, "ही छोटी पहिल्या लग्नातली. आधीची आणि नंतरची क्लिप बघ, ओळ लागते." पुढे वीज आल्यावर तपासलं तर बरोबर होतं. एक वाजेपर्यंत दोनशे अकरा जुळल्या. एक मिळेना. बाबा जेवायला उठेनात. शेवटी माझ्याच वाचण्यात पंचवीसच्या जागी बावन्न झालेलं सापडलं. त्यांनी ती ओळ शांतपणे दुरुस्त केली आणि बाजूला आद्याक्षरांची सही केली, जशी ऑफिसात करत असतील.

तीनला वीज आली. मी नावं बदलायला बसले. साडेपाचला शेवटची फाईल जागेवर ठेवली, प्रोजेक्ट उघडलं आणि फक्त पहिल्या क्लिपचं ठिकाण दाखवलं. पुढचं मी नाही केलं. लाल तुकडे एकामागून एक आपोआप गेले. हळदीची पिवळी परात, मांडवाचे डहाळे, करवल्यांच्या साड्या, सगळं स्क्रीनभर पसरत गेलं. बाबा माझ्या खुर्चीच्या मागे उभे होते.

"आलं?" ते म्हणाले.

"आलं, बाबा."

"सगळं?"

"फोनचं सोडून सगळं."

त्यांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या फोटोत पाहिलेलं, नंतर नाही.

फोनचं सोडून, म्हणजे आजींचा धवला सोडून. शनिवारी सकाळी त्याला हात घातला. अर्धवट राहिलेलं बदलण्याचं काम पुन्हा लावलं. ज्या झालेल्या दिसत होत्या त्या राहू दिल्या, बाकीच्या नव्याने केल्या. मग जोडायला गेले तर सॉफ्टवेअरने चक्क नकार दिला. म्हणे आवाजाच्या वाहिन्या जुळत नाहीत. मी जुन्या क्लिपची माहिती उघडून पाहिली. माझ्या आधीच्या फायलींत आवाजाची एकच वाहिनी होती, नव्यांत दोन झाल्या होत्या. चूक माझीच, घाईत ते बघितलंच नव्हतं. पुन्हा सगळं करण्यापेक्षा झालेल्या फायलींतूनच जास्तीची वाहिनी काढून टाकायचं मी ठरवलं.

इथे बाबांनी मला वाचवलं. त्यांनी जुन्या सवयीने फोनच्या फायलींचीही यादी केलेली. झालेल्या फायलींच्या लांब्या मी त्यांना वाचून दाखवत होते तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. ही सात मिनिटं बारा सेकंदांची हवी. तू चार मिनिटं म्हणालीस."

ती धवल्याचीच फाईल होती. वीज गेली तेव्हा तिचं काम अर्ध्यात तुटलेलं, पण बाहेरून ती पूर्ण झाल्यासारखी दिसत होती. आधी ठेवलेल्या झालेल्या फायलींत मी तिलाही धरलेलं. तशीच जोडली असती तर सत्कारात आजी चौथ्या मिनिटाला गाता गाता काळ्या पडद्यात गेल्या असत्या. मी सगळ्या एकतीस पुसून टाकल्या आणि कोऱ्यापासून सुरू केलं.

दुपारी मुलगी आली तेव्हा धवला जोडला गेला होता. मी तिला शेजारी बसवलं आणि चालू केला. दिवा, कलश, आजींचा पदर, आणि तो आवाज. थोडा घोगरा, नाकातून येणारा, कुठेही न थांबणारा. मुलीने हाताने तोंड दाबून धरलं. ऑपरेशननंतर तिने तो पहिल्यांदा ऐकला होता.

दोन मिनिटांनी मला काहीतरी खटकलं. मी तिसऱ्या मिनिटाला गेले, पाचव्या, सातव्या. आजींचे ओठ मागे पडत होते. शेवटाकडे तर आवाज जवळजवळ एक सेकंद पुढे निघून गेलेला.

"ताई, ठीक आहे ना हे," मुलगी म्हणाली. "कोणाच्या लक्षात येणार?"

"तुझ्या आजींच्या येईल," मी म्हटलं.

तिने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

मूळ फोनची फाईल लावून पाहिली. त्यात ओठ आणि आवाज शेवटपर्यंत बरोबर होते. म्हणजे मुळात दोष नव्हता, बदलताना घोळ झालेला. फोनचा कॅमेरा उजेडाप्रमाणे वेग बदलतो. कधी सेकंदाला तीस चित्रं, कधी चोवीस. आजींचा दिवा फडफडायचा तसा तो कमीजास्त होत राहिलेला. सॉफ्टवेअरचा आतला बदलणारा भाग मात्र सगळ्याचा एकच सरासरी वेग धरून चाललेला, म्हणून चित्र हळूहळू घसरत गेलं. मग मला आठवलं की दोन वर्षांपूर्वी मी यासाठी वेगळंच एक छोटं सॉफ्टवेअर वापरलेलं. ते पुन्हा काढलं. त्यात स्पष्ट सांगावं लागतं, वेग स्थिर ठेव, सेकंदाला पंचवीस, आवाज एका वाहिनीवर. यावेळी एकतीस एकदम लावल्या नाहीत. फक्त धवला लावला आणि आम्ही तिघं त्याच्यासमोर बसून राहिलो. बाबांनी मुलीला बेसनाचा लाडू दिला.

ओठ आणि आवाज जुळलेत का हे तपासायची माझी एक पद्धत आहे. प, ब, म ही अक्षरं बघायची. ती म्हणताना माणसाला ओठ मिटावेच लागतात. आजींच्या धवल्यात मांडव हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मी सातव्या मिनिटाला गेले आणि एक एक फ्रेम सरकवली. आजींचे ओठ मिटले. त्याच फ्रेमला म उमटला. पुढचा मांडव, तेच. शेवटचा मांडव, तेच.

"बसलं," मी म्हटलं.

मुलगी म्हणाली, "ताई, मी परत कधी कुठल्या फाईलला हात लावणार नाही."

"असं कसं? लाव की. फक्त नाव बदलायच्या आधी विचार. आणि एक सांगू? आजींनी गायला सुरुवात केल्यावर तू कॅमेरा शोधत बसली असतीस ना, तर आज जुळवायला आपल्याकडे काहीच नसतं. तू फोन काढलास म्हणून हे आहे."

ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

बाकीच्या तीस फायली सहापर्यंत झाल्या. बाबांनी त्या संध्याकाळी पूर्ण फिल्म पाहिली, अडतीस मिनिटं, न हलता. संपल्यावर म्हणाले, "हे सगळं तू कापून जोडलंयस?"

"हो."

"कुठे जोड आहे ते कळत नाही."

माझ्या कामाला मिळालेली याहून मोठी पावती मला आठवत नाही.

रविवारी पाचला समाजमंदिर भरलेलं होतं. पुढे सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष, दारात चपलांचा ढीग. बाबाही आलेले, कडक इस्त्रीच्या शर्टात. आजींना मधोमध खुर्चीत बसवलेलं. अंगाने निम्म्या झालेल्या, गळ्याभोवती पांढरं फडकं. मला बघून त्यांनी हात वर केला. सत्कार झाला, साडी झाली, भाषणं झाली. मग पंखे चालू ठेवून दिवे घालवले.

मी प्रोजेक्टरशेजारी उभी होते. मी पडद्याकडे बघत नव्हते, फिल्म मला पाठ होती. मी आजींकडे बघत होते. हळदीचा भाग आला तेव्हा त्या नुसत्या बघत होत्या. मग ओट्यावरचा धवला सुरू झाला आणि त्या खुर्चीत थोड्या पुढे आल्या. त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण एक शब्द चुकत नव्हता. पडद्यावरच्या आजी आणि खुर्चीतल्या आजी, दोघींचे ओठ मांडव म्हणताना एकाच वेळी मिटत होते. शेवटच्या मिनिटालाही. मी ते पाहिलं आणि मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. त्या सभागृहात आणखी कोणाला माहीत नव्हतं की त्या एका सेकंदासाठी काय झालेलं. मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, त्या मुलीला माहीत होतं. तेवढं पुरे होतं.

फिल्म संपली, दिवे लागले. कोणीच टाळ्या वाजवेना, सगळे आजींकडे बघत होते. आजींनी मला खुणेने जवळ बोलावलं. मी गुडघ्यावर बसले. त्यांनी माझा हात धरून आपल्या गळ्याच्या फडक्यावर ठेवला, मग पडद्याकडे बोट केलं, मग परत माझ्याकडे. नात म्हणाली, "ती म्हणतेय..."

"कळलं मला," मी म्हटलं.

मग आजींनी बोट गोल फिरवलं. पुन्हा लाव.

मी धवला पुन्हा लावला. दुसऱ्यांदा सतरंजीवरच्या दोन म्हाताऱ्या बारीक आवाजात बरोबर म्हणायला लागल्या. आजींनी त्यांच्याकडे वळून हाताने ठेका दाखवला, चुकलं तिथे कपाळाला आठी घातली, जमलं तिथे मान हलवली. तिसऱ्यांदा लावला तेव्हा नात त्यांच्या पायाशी जाऊन बसलेली. वर तोंड करून ती आजींच्या ओठांकडे बघत होती आणि पडद्यावरच्या आवाजामागून शब्द म्हणत होती, अडखळत, मोठ्याने. बाहेर चहाचं पातेलं उकळून उतू गेलं. कोणी उठलं नाही.